करंगळीखालचं लाकूड

ग्रेसीला हे माहीत नाही. माझ्या शर्टाचं बटण सैल झालं तरी तिला माझ्याआधी कळतं — पण हे नाही. फादरांकडेही मी हे कधी नेलं नाही. आमच्या वसईत कुमसार म्हणतात, जाळीआड बसलेल्या फादरांना आपली पापं सांगायची. दर ईस्टरला मी तिथे गुडघे टेकले. खोटं बोललो म्हणालो, रागावलो म्हणालो, आईला तीन महिने पत्र टाकलं नाही म्हणालो. हे म्हणालो नाही. आज तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का — माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण असेल.

गोष्ट एका रिव्हॉल्व्हरच्या मुठीची आहे. घाबरू नका, मी कुणावर गोळी झाडली नाही. आयुष्यात कधीच झाडली नाही. तरी.

नव्वदीच्या मध्यावर मी दुबईत, देरा भागात, एका शिकारीच्या सामानाच्या दुकानात सेल्समन होतो. वय सत्तावीस. बहिरी ससाणे पाळणारे अरब लोक आमचं मुख्य गिऱ्हाईक — पक्ष्याच्या डोळ्यांवरच्या चामडी टोप्या, बसायचे लाकडी अड्डे, दुर्बिणी, तंबू, सुऱ्या. मागच्या भिंतीत एक कुलूपबंद कपाट होतं. त्यात मोजकी शस्त्रं. ती फक्त तिथल्या नागरिकालाच, आणि तेही पोलिसांचा कागद असेल तरच. वर्षातून चार-पाच वेळा ते कपाट उघडायचं. पण त्या कपाटातल्या मालाबद्दल बोलायला माझ्याइतकं कुणी तयार नव्हतं. कॅटलॉग पाठ होते माझे. नळी किती इंची, वजन किती, गोळ्या किती. हातात घेऊन चालवलेलं एकही नाही — पण बोलायला काय लागतं?

दुकानाच्या मागच्या खोलीत सदाभाऊ बसायचे.

सदानंद त्यांचं नाव. सावंतवाडीचे. घराण्यात लाकडी खेळणी करायचा धंदा, फळं, पाट, गंजिफा. आधी ते गल्फमध्ये एका फर्निचरवाल्याकडे सुतार म्हणून आले होते. आमच्या अरबाबने — म्हणजे मालकाने — त्यांनी कोरलेला ससाण्याचा अड्डा कुठेतरी बघितला आणि त्यांना आपल्याकडे ओढून आणलं. तेव्हा पन्नाशी ओलांडलेले. बारीक अंगाचे, कानावर पेन्सिल. बंदुकांचे तुटलेले दस्ते ते असे जोडायचे की जोड कुठे आहे ते बोटालाही सापडू नये. बंदूक मात्र त्यांना आवडायची नाही. 'ता', म्हणजे 'ते', म्हणायचे तिला — "ता हंय ठेव, त्याचा लाकूड तेवढां माका दी."

आम्ही सातवा नावाच्या वस्तीत एका खोलीत राहायचो. स्वयंपाक त्यांचा, भांडी माझी. मला ते बस्त्या म्हणायचे. सेबॅस्टियनचा बस्त्याव घरचे करतात, त्याचा बस्त्या त्यांनी केला. वसई सोडल्यावर त्या नावाने मला हाक मारणारे ते एकटेच. मला ताप आला तर पेज करून भरवायचे. हे का सांगतोय? कोणाचं मी काय केलं ते तुम्हाला नीट कळावं म्हणून.

त्या हिवाळ्यात अबू राशिद दुकानात आले. पासष्टीचे, पांढरी दाढी, जुन्या पिढीतल्या सगळ्या अरबांसारखं उत्तम हिंदी. शहराबाहेर वाळवंटात त्यांचा मळा होता — खजुराची झाडं, शेळ्या. दीड-दोन वर्षांपूर्वी मळ्याच्या वाटेवर कुणीतरी त्यांची गाडी अडवून त्यांना मारहाण केली होती. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं मोडली. ती जुळली, पण वाकडी. करंगळी तर मिटायचीच नाही, अर्धवट उभी राहायची. मुलं म्हणत होती मळा विकून टाका. ते विकत नव्हते, पण एकटे जायलाही — भीती हा शब्द त्यांनी वापरला नाही. एवढंच म्हणाले, "हाथ मेरा खराब हुआ है, दिल नहीं." पोलिसांकडून त्यांनी परवाना काढला होता. छोटं काहीतरी हवं होतं. रोज खिशात राहील असं.

मी खुश. हिरव्या कापडावर तीन रिव्हॉल्व्हर मांडली — तिन्ही पाच गोळ्यांची, आखूड नळीची. सगळ्यात हलकं उचलून मी त्यांच्या हातात दिलं आणि कॅटलॉग चालू केला. वजनच नाही, खिशात आहे हे विसरून जाल. घोडा आत झाकलेला, कपड्यात अडकणार नाही. अरबाब बाजूला उभा राहून मान हलवत होता. त्या मान हलवण्यासाठी मी काय काय बोललो असतो, तुम्हाला सांगू?

तेवढ्यात सदाभाऊ काहीतरी विचारायला बाहेर आले आणि थबकले. रिव्हॉल्व्हरकडे त्यांनी बघितलंच नाही. बघितलं ते अबू राशिद यांच्या करंगळीकडे.

"बस्त्या," ते मला म्हणाले, "आधी माणसाचो हात बघूक व्हयो. बंदूक मगे."

मग त्यांच्या मोडक्यातोडक्या हिंदीत परवानगी मागून त्यांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, उलटा केला, सुलटा केला. एकेक बोट हळूच मिटवून बघितलं. म्हणाले, हलकं घेऊ नका. हलकं हातात जोरात उसळी मारतं, आणि तुमच्या हाताला ती उसळी धरायला बोटं तीनच आहेत. त्यातल्या त्यात जड, पोलादाचं घ्या. खिसा ओढेल थोडा, पण ऐकेल तुमचं. अबू राशिद यांनी मी दिलेलं हलकं शांतपणे खाली ठेवलं आणि जड उचललं. अरबाबने मान हलवली — पण आता सदाभाऊंकडे बघून.

बस. एवढंच घडलं. मला राग आला असं म्हणता येणार नाही. पण कुठेतरी काहीतरी रुतून बसलं. संध्याकाळी त्यांनीच तळलेली सुरमई खाताना मी नेहमीपेक्षा कमी बोललो, एवढं आठवतं.

मुठीचा प्रश्न उरला. रिव्हॉल्व्हरसोबत आलेली मूठ चपटी, बारीक. त्यांच्या हातात घेतली की करंगळी नुसती हवेत लटकायची. मग रबराची जाड मूठ लावून बघितली. पकड छान, पण त्यांच्या पांढऱ्या कंदुऱ्याच्या — पायघोळ अरबी झग्याच्या — खिशातून बाहेर काढताना रबराला चिकटून खिशाचं अस्तरच बाहेर आलं. अबू राशिद स्वतःच हसायला लागले. शेवटी सदाभाऊंनी मेणाचा गोळा मळून त्यांना मुठीत दाबायला लावला. तो ठसा घेऊन ते मागच्या खोलीत गेले आणि अक्रोडाचा एक तुकडा निवडला.

जवळजवळ तीन आठवडे ते त्या मुठीवर होते. मेणाचा ठसा बाजूला, आणि त्यावर बोट फिरवून मग लाकडावर बोट फिरवायचं. बाहेरून ती मूठ गुळगुळीत, कापडात अडकू नये म्हणून. आणि खाली, जिथे ती वाकडी करंगळी येणार, तिथे एक फुगवटा ठेवला होता. पावट्याच्या दाण्याएवढा असेल. मला दाखवून म्हणाले, "ह्यां एवढां लाकूड म्हणजे तेंची करंगळी. ह्यां असला तर ता हातातसून फिराचां नाय."

मी ऐकलं. नीट ऐकलं. विसरलो असं मला म्हणता येणार नाही.

त्याच दिवसांत एकदा, खोलीवर तांदूळ निवडत बसले असताना, त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं. म्हणाले, खडे दिसत नाहीत रे. डाव्या डोळ्यात धुकं आहे, सहा महिने झाले. ससाण्याचा एक अड्डा त्यांनी उलट्या बाजूने तासला होता आणि गुपचूप दुसरा करून दिला होता. अरबाबला कळलं तर व्हिसा जाईल म्हणून कुणाला बोलू नको, असं त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं. मी शपथ घेतली. करामा भागातल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळही मीच घेऊन दिली — शनिवार सकाळची.

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी मुठीवर शेवटची कानस फिरवली, जवसाचं तेल चोळलं, मूठ कापडात गुंडाळली. मला सांगून ठेवलं — अबू राशिद आले तर देऊ नको, मला ती त्यांच्या हातात बघायची आहे.

शनिवारी सकाळी सदाभाऊ डॉक्टरकडे गेले, आणि तासाभराने अबू राशिद आले.

मी मूठ बसवून दिली. त्यांनी हातात घेतली आणि त्यांचा चेहरा — काय सांगू — एखाद्याला हरवलेली वस्तू सापडावी तसा. करंगळी त्या फुगवट्यावर टेकली होती. मग त्यांनी ते खिशात घातलं, आरशासमोर उभे राहिले. फुगवटा कंदुऱ्यातून दिसत होता. थोडासाच. ते लाजल्यासारखे म्हणाले, "मजलिस में सब पूछेगा, अबू राशिद जेब में क्या लाया. थोड़ा कम होगा?"

त्यांना घाई होती, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. घाई नव्हती. दुपारी उस्ताद येतील, तोवर चहा घ्या, असं म्हटलं असतं तर ते आनंदाने बसले असते. त्यांच्याकडे दिवसच्या दिवस होते. पण मला म्हणायचं होतं — अभी करता हूँ. पाँच मिनट. आणि मी ते म्हणालो.

मागच्या खोलीत गेलो. सदाभाऊंच्या स्टुलावर बसलो. मूठ वाइसमध्ये आवळली आणि त्यांचीच कानस घेतली. पाच नाही, पंधरा मिनिटं लागली. लाकूड भराभर उतरत होतं, आणि खरं सांगायचं तर — मला मजा येत होती. थोडं काढायचं होतं, जवळजवळ सगळं काढलं. पॉलिश पेपर मारला, तेल लावलं. देखणी झाली मूठ. सडपातळ, कॅटलॉगमधल्यासारखी. अबू राशिद यांनी खिशावरून हात फिरवला, काही लागलं नाही. माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "शाबाश, उस्ताद."

उस्ताद! हा शब्द ते सदाभाऊंसाठी वापरायचे.

भुसा मी झाडून टाकला. दुपारी सदाभाऊ आले, डोळ्यांत औषध घातलेलं, उजेडात डोळे मिचकावत. डॉक्टरने मोतीबिंदू सांगितला होता. अबू राशिद येऊन मूठ घेऊन गेले, मी म्हटलं. खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनी विचारलं, "करंगळी बसली?"

मी म्हटलं, "बसली. एकदम फिट."

तुम्हाला वाटेल हेच ते. हेच सांगायचं होतं याला. नाही हो. इथपर्यंतचं मी कदाचित फादरांना सांगू शकलो असतो. माणूस शहाणपणा करायला जातो, चूक करतो, झाकतो. मोठमोठे करतात.

सात-आठ आठवड्यांनी, एका दुपारी, अबू राशिद यांच्या मळ्यात भटकी कुत्री शिरली. शेळ्यांच्या कुंपणात. ते एकटे होते. त्यांनी एक गोळी झाडली, ती नीट गेली. पण उसळीबरोबर रिव्हॉल्व्हर हातात फिरलं — करंगळीखाली धरायला काही नव्हतंच — ते सावरता सावरता बोट पुन्हा चापावर दाबलं गेलं. दुसरी गोळी त्यांच्याच डाव्या घोट्यातून गेली. रस्त्यापर्यंत ते सरपटत आले म्हणे. पाय वाचला, पण घोटा कायमचा ताठ झाला.

त्यांनी तक्रार केली नाही. नसीब म्हणाले. पण परवान्याचं शस्त्र, पोलिसांना कागद भरून हवा होता. मूठ दुकानाने बदलली होती. कोणी, कशी, ते लेखी द्या म्हणाले. अबू राशिद यांचा मोठा मुलगा मूठ रुमालात बांधून घेऊन आला. अरबाबच्या केबिनमध्ये आम्ही चौघे — अरबाब, तो मुलगा, सदाभाऊ आणि मी. मी दुभाष्या म्हणून. सदाभाऊंचं हिंदी तसल्या प्रसंगाला पुरायचं नाही, आणि मी मराठी, हिंदी, थोडं अरबी — सगळं बोलायचो.

सदाभाऊंनी मूठ हातात घेतली. डोळ्यांजवळ नेली नाही. नुसता अंगठा फिरवला. आणि लगेच म्हणाले, "ह्यां माझां नाय. हंय लाकूड होतां. माझां बोट सांगता."

अरबाबने माझ्याकडे बघितलं. क्या बोलता है?

माझं काम एवढंच होतं — ते वाक्य हिंदीत करायचं. सहा-सात शब्द. ते म्हणतात, इथे लाकूड होतं. बाकी सगळं आपोआप उलगडलं असतं.

ग्रेसीच्या व्हिसाचे कागद त्याच आठवड्यात अरबाबच्या टेबलावर सहीसाठी पडले होते. आमचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि आम्ही एकत्र राहिलो होतो ते सदतीस दिवस. ते कागद मला त्या केबिनमध्ये बसल्या जागेवरून दिसत होते. हे कारण म्हणून सांगत नाही. दिसत होते, म्हणून सांगतो.

मी सदाभाऊंकडे वळलो. हळू आवाजात — अगदी प्रेमाने, हेच तर — मराठीत म्हणालो, "सदाभाऊ, तुम्हीच काढलं ते. गुरुवारी संध्याकाळी. मी शेजारी उभा होतो, मला वाटलं मुद्दाम काढताय. तुम्हाला दिसलं नसेल."

आणि अरबाबकडे वळून हिंदीत म्हणालो, "इनकी आँख खराब है, अरबाब. बहुत दिन से. मुझे बोला था, किसी को मत बताना."

झालं. हे ते.

मी वाट बघत होतो की ते ओरडतील. खोटारड्या म्हणतील, अंगावर येतील. तसं झालं असतं तर — माहीत नाही, कदाचित मी मोडलो असतो. ते ओरडले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले आणि लहान मुलासारखं विचारलं, "खरांच, बस्त्या?"

मी हो म्हटलं.

त्यांनी पुन्हा अंगठा फिरवला. त्या जागेवर, मग खाली, मग परत त्या जागेवर. आणि मी बघत होतो — माझ्या डोळ्यांसमोर — त्यांचा त्या अंगठ्यावरचा विश्वास गेला. "असात," ते म्हणाले. "माझ्याच हातून झालां असात. तू कित्याक खोटां सांगशीत?"

ते माझ्यावर संशय घेऊ शकले असते. मला कधी वाटतं, घ्यायलाच हवा होता. पण त्यांनी स्वतःच्या हातापेक्षा माझ्यावर जास्त विश्वास ठेवला. माणसाची नोकरी घेणं एक आणि हे घेणं — याला काय म्हणतात? मला शब्द माहीत नाही.

पोलिसांसाठीचं पत्र मीच टाइप केलं, इंग्रजीत. कारागिराची दृष्टी अधू झाल्यामुळे, अशी सुरुवात केली. स्पेलिंग तपासलं. सदाभाऊंनी जिथे बोट ठेवून दाखवलं तिथे सही केली.

दहा दिवसांत त्यांचा व्हिसा रद्द झाला. हत्यारं त्यांनी दुकानातच ठेवली. माझ्या आता उपयोगाची नाहीत म्हणाले. विमानतळावर मी सोडायला गेलो. हो, गेलो. बॅगही मीच उचलली. आत जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू सांगलंस म्हणान माका कळलां. नायतर मी तसोच करीत रवलंय असतंय."

ग्रेसी पुढच्या महिन्यात आली. सातव्यातली ती खोली सोडून आम्ही शारजात छोटा फ्लॅट घेतला. अँजेला झाली. मी दुकानाचा इनचार्ज झालो, मग दुकान सोडून जबल अलीत एका वेअरहाऊसमध्ये लागलो. सुखाचे दिवस होते. शिक्षा वगैरे काही झाली नाही मला. हेही सांगायला हवं.

दुकान सोडायच्या आधी एकदा अबू राशिद काठी टेकत आले होते. उस्ताद कसे आहेत, त्यांनी विचारलं. म्हणाले, आँख का क्या कसूर. उसको बोलना, मेरे दिल में कुछ नहीं है. मी इन्शाल्ला म्हणालो. त्या निरोपाचं पत्र मी लिहिलं नाही. ते लिहायला बसलो असतो तर पुढचं वाक्य काय लिहिणार होतो?

सदाभाऊ परतल्याला सहा वर्षं झाल्यावर, एका सुट्टीत आम्ही ग्रेसीच्या मावसबहिणीच्या लग्नाला गोव्याला चाललो होतो. गाडी करून. वाटेत सावंतवाडीची पाटी दिसली आणि ग्रेसी म्हणाली, इथेच ना ते तुमचे सदाभाऊ? ज्यांनी तुम्हाला आजारपणात जेवू घातलं त्यांच्या दारावरून तसेच जाणार? मी उशीर होईल म्हणालो. तिने ड्रायव्हरला थांबायला सांगितलं.

घर सापडायला वेळ लागला नाही. पडवीत त्यांचे भाऊ आणि पुतण्या लाकडी फळं रंगवत बसले होते, आंबे, सीताफळं, वांगी. सदाभाऊ एका टोकाला खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. चष्मा नव्हता. मला बघून असे उठले की पेपर खाली पडला. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली होती. आता सुईतसून दोरो घालतंय, म्हणाले. माझ्या शर्टाच्या कॉलरवरचा बारीक डाग त्यांनी मला दाखवला.

अँजेला त्या फळांवर खिळली होती. तिने विचारलं, "अंकल, डू यू मेक दीज?"

पुतण्याने अर्थ सांगितला. सदाभाऊ हसले आणि तिला जवळ घेऊन म्हणाले, "नाय गो बाय. मी आता हत्याराक हात लावणंय नाय. माझ्या हातान एका चांगल्या माणसाचो पाय गेलो." मग ग्रेसीकडे वळून, माझ्याकडे बोट करून — "ह्येनी वेळेर सांगल्यान म्हणान. नायतर आणखी कोणाक इजा झाली असती."

ग्रेसीने माझ्याकडे बघितलं. अभिमानाने बघितलं. तिला फक्त एवढंच माहीत होतं की डोळे गेल्यामुळे ते परतले.

मी चहा प्यालो. खाजं खाल्लं.

निघताना त्यांच्या बायकोने, मालतीकाकींनी, मला स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावलं. पदर बोटांना गुंडाळत म्हणाल्या, "तुमी एकदा सांगा तेंका. आमचां ऐकणत नाय. डोळे आता बरे आसत, हात बरे आसत, आणि नुसते बसान रवतत. रात-दिस ताच डोक्यात. निदान एक लाटणां तरी करा म्हणान सांगा. तुमचां ऐकतीत."

ऐकलं असतं. हे मला त्या दारात उभं राहूनही कळत होतं. सगळं खरं सांगायचीही गरज नव्हती — तुमच्या हातांना काही झालेलं नाही, एवढं म्हटलं असतं तरी त्यांनी ऐकलं असतं. बाहेर ग्रेसी अँजेलाच्या पिशवीत फळं भरत होती. सदाभाऊ एकेक निवडून देत होते, रंगात कुठे टिपका राहिलाय का ते बघून.

मी म्हणालो, "काकी, वय झालं आता. राहू द्या. आराम करू द्या त्यांना."

त्यांनी मान हलवली. मी गाडीत बसलो.

मागच्या वर्षी पुतण्याचा फोन आला, काका गेले म्हणून. झोपेत गेले. मी न विचारताच तो म्हणाला, शेवटपर्यंत पटाशीला हात लावला नाही त्यांनी.

म्हणून हे एकदा कुठेतरी असावं. ती मूठ शनिवारी सकाळी मी तासली. गुरुवारी संध्याकाळी ते लाकूड जिथे असायला हवं तिथेच होतं, आणि सदाभाऊंचा हात चुकला नव्हता.